वाचकांचे प्रश्न : विश्वासणाऱ्यांचे ऐक्य कशात असते?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी पूर्वी एकच मंडळी (चर्च) होती. आज तेथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळी, मेथडिस्ट मंडळी, एक पेंटेकॉस्टल मंडळी आणि घरांतून भरणाऱ्या दोन-तीन प्रार्थनासभा आहेत. गुड फ्रायडेची उपासना आम्ही एकत्र करतो, परंतु प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, ज्याचे त्याच्याकडे होते. एक उपदेशक सांगतात की, सर्व पंथ मोडून एकच मंडळी झाल्याशिवाय प्रभूची प्रार्थना पूर्ण होणार नाही. दुसरे सांगतात की, ऐक्य अंतःकरणात असते, बाहेरच्या गोष्टींना महत्त्व नाही. यांपैकी खरे कोणते मानावे?
— एक वाचक, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा

उत्तर : ज्या प्रार्थनेचा आपल्या पहिल्या उपदेशकांनी आधार घेतला आहे, ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात आहे, आणि ती वाचताना एक गोष्ट सहज निसटते. आपण सर्वांनी एक व्हावे, ही येशूने वधस्तंभापूर्वीच्या रात्री शिष्यांना केलेली आज्ञा नाही. ती त्याने पित्याजवळ केलेली विनंती आहे. म्हणजे ऐक्य हे प्रथम मागायचे दान आहे, आपण ठराव करून उभारायची इमारत नव्हे. शिवाय त्या ऐक्याचा नमुना म्हणून त्याने पिता व पुत्र यांचे नाते सांगितले आहे, आणि त्या नात्यात पिता पुत्र होत नाही व पुत्र पिता होत नाही. तेव्हा सर्वांची उपासनापद्धती, घटना आणि कार्यालय एक झाले म्हणजे ती प्रार्थना पूर्ण झाली, असे मानण्यास त्या अध्यायात आधार नाही.

मात्र दुसऱ्या उपदेशकांनाही तोच अध्याय अडवतो. शिष्य एक झालेले पाहून जगाने विश्वास ठेवावा, असा त्या विनंतीचा हेतू तेथेच सांगितला आहे. जे केवळ अंतःकरणात आहे ते जगाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावरून कोणी विश्वास ठेवील हे संभवत नाही. ‘आमचे मनाने एकच आहे’ हे वाक्य आपल्याकडे बहुधा अशा वेळी उच्चारले जाते, जेव्हा एकमेकांच्या दारात पाऊल टाकण्याची कोणाचीही तयारी नसते.

प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात या दोन्ही टोकांमधील वाट सापडते. आत्म्याचे ऐक्य निर्माण करा असे तो म्हणत नाही, ते राखा असे म्हणतो. एक शरीर, एक आत्मा, एक आशा, एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा, एक देव, अशी सात नावे तो घेतो, आणि यांतील एकही गोष्ट आपण घडवलेली नाही. परंतु या सातांच्या आधीच्या वचनात त्याने नम्रता, सौम्यता, सहनशीलता आणि प्रीतीने एकमेकांचे सोसून घेणे यांची मागणी केली आहे. ज्यांचे सोसावे लागते अशी माणसे मंडळीत असणार, हे पौलाने गृहीतच धरले आहे. ज्या सभेत सर्वांची मते, सवयी आणि राहणी आधीच जुळलेली आहेत, तेथे या वचनाला काही कामच उरत नाही. आणि मला वाटते, नव्याने निघणाऱ्या अनेक सभांचे आकर्षण नेमके यातच असते.

आता आपल्या गावातील मंडळ्या वेगवेगळ्या का आहेत, याचाही थोडा विचार करावा. महाराष्ट्रात पंथभेद आला तो बहुतांशी येथील विश्वासणाऱ्यांच्या भांडणातून आलेला नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू केले, म्हणून नगरकडची कुटुंबे काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते अशा पंथाची, झाली. जालन्याकडे स्कॉटिश मिशन होते, म्हणून तेथील कुटुंबे प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलजनांच्या सभेने कारभार चालणाऱ्या पंथाची, झाली. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी होती, म्हणून तिथली अँग्लिकन, म्हणजे बिशप असलेल्या इंग्लंडच्या चर्चच्या पंथाची, झाली. मिशनांनी आपापसांत क्षेत्रे ठरवून घेतली होती, आणि ज्याच्या गावात जे मिशन पोहोचले त्याचा पंथ त्या कुटुंबाला मिळाला. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत जे वाद झाले, ज्यांत राजे, बिशप आणि पार्लमेंट गुंतले होते, त्यांची वाटणी मात्र आपल्या पणजोबांच्या नावावर झाली. पुढे रोजगारासाठी लोक पुण्या-मुंबईला आले तेव्हा हे सर्व शेजारी-शेजारी राहू लागले आणि आपण वेगळे का आहोत, याचे उत्तर बहुतेकांना देता येईना.

याच जाणिवेतून उत्तर भारतात एकीकरणाची बोलणी 1929 मध्ये सुरू झाली आणि ती चार दशके चालली. दक्षिणेत 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. आपल्याकडे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले : अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (ज्यात प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या 1924 मध्येच एक झाल्या होत्या), बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी बोलण्यांत सहभागी होती, परंतु शेवटच्या टप्प्यात ती बाहेर राहिली. आपल्या गावात या दोन मंडळ्या आज वेगळ्या दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

या एकीकरणात दोन गाठी सर्वांत अवघड होत्या, आणि त्या कशा सोडवल्या हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पहिली गाठ बाप्तिस्म्याची. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स हे स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देत. बाकीचे तान्ह्या मुलांनाही देत. पौलाच्या सात नावांतील ‘एक बाप्तिस्मा’ हीच दुफळीची जागा असावी, हा विचित्र योग आहे खरा. नव्या मंडळीने यांपैकी एका बाजूला हरवले नाही. दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य केल्या, जेणेकरून आईबाप आपल्या विवेकाप्रमाणे मुलाला बाप्तिस्म्यासाठी आणतील किंवा केवळ समर्पणासाठी आणून पुढे त्याच्या स्वतःच्या कबुलीची वाट पाहतील. दुसरी गाठ पाळकीय सेवेची होती. बिशपांच्या परंपरेतून दीक्षा न मिळालेल्या पाळकाची दीक्षा अँग्लिकनांनी पूर्ण मानावी का, आणि मानली नाही तर इतरांनी तो अपमान का सोसावा? नागपूरला सर्व मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि कोणाच्या सेवेत काय उणे होते व कोणाकडून कोणाला काय मिळाले, हे देवावर सोपवले. ही पळवाट आहे असे काहींनी तेव्हा म्हटले. मला ती नम्रता वाटते, कारण त्या हात ठेवण्यात प्रत्येकाने घेणारा होण्याचे मान्य केले होते.

तरीही संघटनेचे एकीकरण म्हणजे ऐक्य नव्हे, हे त्यानंतरच्या काळाने शिकवले आहे. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 मध्ये निकाल लागला की, विलीन होण्याचा ठराव केल्याने विश्वस्त संस्थेची मालमत्ता आपोआप नव्या मंडळीकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने सांगितलेली पद्धत पाळावी लागते. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल समजण्यासारखा आहे. मला खटकते ते हे की, एकाच प्रभूचे नाव घेणारे दोन पक्ष कित्येक वर्षे न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल नेमके हेच विचारतो, की त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही? या वचनावर आपल्याकडे प्रवचने फार ऐकू येत नाहीत.

पंथभेदाची चर्चा करताना आपण आणखी एक भेद टाळतो, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियाचा प्रसंग आहे. पेत्र तेथे परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. परंतु यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक आल्यावर तो भीतीने त्या पंगतीतून बाजूला झाला, त्याच्यामागे इतर यहूदी गेले आणि बर्णबाही ओढला गेला. पेत्राने शिकवणीतले एक अक्षरही बदलले नव्हते. येशू ख्रिस्तावरील विश्वासाने तारण होते, हे त्याला पौलाइतकेच मान्य होते. तो फक्त उठून दुसरीकडे जेवायला बसला होता, आणि तेवढ्यावरून पौलाने सर्वांच्या देखत त्याला सांगितले की, तू शुभवर्तमानाच्या सत्याप्रमाणे चालत नाहीस. मंडळीच्या पहिल्या पिढीतील दोन थोर प्रेषितांचा उघड संघर्ष जेवणाच्या पंगतीवरून व्हावा, हे महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाला फार समजावून सांगावे लागू नये.

आपल्या मंडळ्यांत आज कोणी पंगत वेगळी मांडत नाही. परंतु मुलीसाठी स्थळ पाहताना, पंच निवडताना, आणि कधीकधी पाळकाची बदली मागताना, कोणाचे आजोबा कोणत्या वस्तीतून मंडळीत आले याची चौकशी होते. ही चौकशी करणारे लोक प्रभुभोजनाला शेजारी-शेजारी गुडघे टेकतात आणि त्यांना त्यात विसंगती दिसत नाही. करिंथमध्येही असेच होते. सधन लोक आधी येऊन जेवून घेत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना स्पष्ट लिहिले की, तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. तेव्हा आपल्या गावातील सर्व मंडळ्यांनी उद्या एकत्र प्रभुभोजन घेतले, पण त्याच लोकांनी परवा जात विचारून सोयरीक मोडली, तर त्या एकत्र भोजनाचे मोल काय, हा प्रश्न पंथांच्या प्रश्नाआधी आपल्यासमोर यायला हवा.

मराठी विश्वासणाऱ्यांमध्ये या प्रश्नाशी झगडलेली दोन मोठी माणसे आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत झाला. परंतु एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मी दुसऱ्या तशाच जोखडाखाली लगेच जाणार नाही, अशी त्यांची भूमिका राहिली, आणि केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या हाती दिले नाही. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांत त्यांचे निधन झाले आणि तो प्रयत्न मागे पडला. परंतु त्यांची गीते ‘उपासना संगीता’तून आजही अशा मंडळ्यांत गायली जातात, ज्या एकमेकांच्या व्यासपीठावर पाळक पाठवत नाहीत. गाताना आपण एक असतो. अडचण गीत संपल्यावर सुरू होते.

यावरून कोणताही मतभेद महत्त्वाचा नाही, असा अर्थ कोणी काढू नये. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाण्यापिण्याविषयी आणि विशिष्ट दिवस पाळण्याविषयी मतभेद असलेल्यांना पौल सांगतो की, प्रत्येकाने आपल्या मनाची पुरती खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याचा न्याय करू नये. तोच पौल गलतीकरांना मात्र निराळे शुभवर्तमान सांगणाऱ्याविषयी अत्यंत कठोर शब्द लिहितो. येशू हा प्रभू आहे, तो आपल्या पापांसाठी मेला व पुन्हा उठला, आणि तारण कृपेने मिळते, हे जेथे नाकारले जाते तेथे ऐक्याच्या नावाखाली गप्प बसता येत नाही. टाळ्या वाजवून गावे की पुस्तक हाती धरून, प्रार्थना लिहिलेली असावी की उत्स्फूर्त, पाण्यात बुडवावे की पाणी शिंपडावे, हे प्रश्न त्या दर्जाचे नाहीत. आपल्याकडे बहुतेक मंडळ्या मात्र या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांवरूनच फुटतात, किंवा तेही निमित्त असते आणि खरे कारण व्यक्तींमधील अढी हे असते.

तेव्हा आपल्या गावापुरते माझे सांगणे असे आहे. सर्व मंडळ्या मोडून एक करण्याच्या मागे लागू नये. एका मंडळीतून दुसरीत येणाऱ्या माणसाला स्वीकारताना तो कोणाशी भांडून आला आहे हे आधी विचारावे, त्याच्या पाळकाशी बोलावे, आणि शक्य असेल तर त्याला समेटासाठी परत पाठवावे. दुसऱ्याच्या मंडळीतून माणसे ओढून आणण्याला सुवार्ताप्रसार म्हणू नये. दुसऱ्या मंडळीतल्या माणसाच्या मयताला कब्रस्तानात जागा नाकारण्याचे प्रकार घडतात, ते आपल्या गावात कधीही घडू नयेत असे सर्व पंचांनी मिळून लिहून ठेवावे. कोणाच्या घरी आजार किंवा नुकसान झाले तर मंडळी कोणती हे न पाहता जावे. प्रभुभोजनाचा प्रश्न पाळकांनी एकमेकांच्या घरी बसून, आपापल्या मंडळीचे नियम समोर ठेवून बोलावा. तो गुड फ्रायडेच्या व्यासपीठावरून सुटणार नाही.

प्रश्न : आमच्या मंडळीचा वार्षिक हिशेब तीन वर्षे सभेपुढे आलेला नाही. मी विचारणा केली तेव्हा, ‘असे प्रश्न विचारल्याने मंडळीचे ऐक्य बिघडते’, असे मला चिटणिसांनी सांगितले. मी गप्प राहावे काय?
— एक भगिनी, पुणे

उत्तर : गप्प राहू नये. पहिल्या मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी तक्रार केली की, रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यांना कुरकुर करणारे म्हणून दटावले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि त्या कामासाठी सात माणसे निवडून घेतली. या सातांची नावे प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात दिली आहेत आणि ती सर्व ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटणी दिली गेली, असे त्यावरून दिसते. तक्रार ऐकल्याने ती मंडळी फुटली नाही. उलट देवाचे वचन पसरत गेले, असे पुढचेच वचन सांगते.

पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती नेण्यासाठी तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला. एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणी आपल्यावर दोष ठेवू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आपण करावे, असे कारण त्याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दिले आहे. प्रेषिताला जी खबरदारी आवश्यक वाटली, ती आपल्या चिटणिसांना अपमानकारक वाटण्याचे कारण नाही.

आपण मात्र विचारण्याची रीत सांभाळावी. प्रथम पाळकांशी व खजिनदारांशी खाजगीत बोलावे, नंतर दोन-तीन सभासदांच्या सहीने पंचसभेला लेखी विनंती करावी, आणि नंतर वार्षिक सभेत विषय मांडावा. मंडळीची विश्वस्त संस्था नोंदलेली असेल तर लेखापरीक्षण करून हिशेब सादर करणे हे कायद्याचेही बंधन आहे. इतर सभासदांच्या घरोघरी जाऊन संशय पेरू नये. तसे केल्यास चिटणीस म्हणतात ते खरे ठरेल. ऐक्याचे नाव पुढे करून प्रश्न दाबला जातो तेव्हा मंडळीत शांतता दिसते, पण ती घाबरलेल्यांची शांतता असते.

प्रश्न : आमचे शेजारी वसईचे कॅथोलिक आहेत. आमच्या घरी आजारपण आले असता ते येऊन प्रार्थना करून गेले. नातेवाइकांनी हरकत घेतली. त्यांच्याबरोबर प्रार्थना करणे योग्य आहे का, आणि त्यांच्या मिस्साला (उपासनेला) गेल्यास आम्ही कम्युनियन (प्रभुभोजन) घ्यावे का?
— एक कुटुंब, ठाणे

उत्तर : प्रार्थना अवश्य करावी. जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात ज्यांचा ख्रिस्तावर विश्वास आहे व रीतसर बाप्तिस्मा झाला आहे अशा इतर मंडळ्यांच्या लोकांना बंधू मानले आहे, त्यांचा कॅथोलिक मंडळीशी असलेला संबंध अपूर्ण असला तरी खरा आहे असे म्हटले आहे, आणि एकत्र प्रार्थनेला उत्तेजन दिले आहे. दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह कॅथोलिक व प्रॉटेस्टंट दोघेही पाळतात. आपल्या शेजाऱ्यांनी केले ते त्यांच्या मंडळीच्या शिकवणीला धरूनच होते. आपल्या नातेवाइकांचा आक्षेप संतांच्या नावाने केलेल्या प्रार्थनेविषयी असेल, तर तो मतभेद खरा आहे आणि तो लपवण्याची गरज नाही. परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणण्यास त्याचा अडथळा होत नाही.

कम्युनियनविषयी उत्तर वेगळे आहे. कॅथोलिक मंडळीच्या नियमाप्रमाणे, थोडे विशेष प्रसंग सोडता, ते कॅथोलिक सभासदांनाच दिले जाते. कारण त्यांच्या समजुतीनुसार ते भोजन हे मंडळीच्या पूर्ण एकतेचे चिन्ह आहे, आणि ती एकता अजून पूर्ण झालेली नाही. हा नियम आपल्याला दुःखद वाटेल, त्यांच्यातील अनेकांनाही वाटतो. तरीही त्यांच्या घरी त्यांचा नियम मोडून रांगेत उभे राहू नये. मिस्साला जावे, आपल्या जागेवर बसून प्रार्थना करावी, आणि नंतर शेजाऱ्यांना आपल्या घरी जेवायला बोलवावे. त्याला कोणत्याही मंडळीचा नियम आड येत नाही.